पातळ रक्ताचा हिवाळा

नाशकात थंडी पडली की आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांत आधी बोटं असहकार पुकारतात. पेशंटच्या बोटाला लावायचा एक छोटा चिमटा असतो, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा. तो आकडाच दाखवेनासा होतो. भूल देणाऱ्या मॅडम ते बोट चोळतात, मग दुसरं बोट धरतात, मग कानाची पाळी. शेवटी सिस्टर रबरी हातमोज्यात गरम पाणी भरते, त्याला गाठ मारते आणि तो फुगलेला पंजा पेशंटच्या तळहाताखाली सरकवते. थोड्या वेळानं आकडा उगवतो. कोणीतरी म्हणतं, "निफाडला पारा लय खाली गेलाय म्हणे." द्राक्षवाल्यांनी पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्याच्या गोष्टी निघतात, चहाची आठवण निघते. बाकीच्यांना थंडी म्हणजे असं काहीतरी आठवतं. मला आमच्या गावचा, देवळ्याचा एक हिवाळा आठवतो आणि पुढच्या सगळ्या दिवसाची चव जाते.

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गावाकडे माझं कोणी ऐकत नाही. तिथे मी डॉक्टरच आहे. हृदयाचं मोठं ऑपरेशन करताना हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ शरीरातलं रक्त बाहेर घेऊन, त्यात ऑक्सिजन मिसळून, परत आत ढकलायचं काम एक यंत्र करतं. त्या यंत्रापुढे जो स्टुलावर बसलेला असतो, तो मी. पाटीवर परफ्युजनिस्ट लिहिलेलं आहे, पण थिएटरात कोणी ते म्हणत नाही. "पंपावर कोण आहे?" एवढंच विचारतात. एकदा गावात लग्नाला गेलो असता एका पाहुण्यानं मला मांडवाच्या बाजूला नेऊन सबमर्सिबल मोटरीत काही कमी होईल का म्हणून विचारलं. मी चौकशी करून कळवतो म्हणालो. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

तर हा पंप रिकामा चालत नाही. त्याच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा राहिला तर माणूस जातो, म्हणून आधी सगळ्या नळ्या खारट पाण्यानं भरून घ्याव्या लागतात. सलाइनच्या बाटलीत असतं तसलंच ते पाणी. पंप सुरू केला की पहिल्या मिनिटात ते सगळं पेशंटच्या अंगात जातं आणि त्याचं रक्त त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत, पातळ होतं. आडव्या अंगाच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण चिमणीएवढ्या बाईच्या अंगात मुळात रक्त किती असणार? यंत्र टेबलापासून जेवढं लांब, तेवढ्या लांब नळ्या लागतात. लहान मापाचं सामान मिळतं, नळ्या आखूड करता येतात, पण एका हद्दीपर्यंतच. पेशंट जाड आहे का बारीक, हे नळीला कळत नाही. डाळिंबासारखं लाल रक्त बघता बघता बर्फाच्या गोळ्याच्या शेवटच्या घोटासारखं होतं. मी ते रोज पाहतो. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना हे कोणी सांगत नाही, कारण ते विचारत नाहीत.

हे रक्त पातळ होणं म्हणजे काही नुसता नाइलाज नव्हे. आमच्या शिक्षणात ते सोय म्हणूनच शिकवलं. पंपावर घेतलेल्या माणसाला आम्ही थोडं गारही करतो, कारण गार शरीर कमी ऑक्सिजनवर तग धरतं. गारठ्यानं रक्त दाट होतं, तेलासारखं सरकेनासं होतं. मग त्यात पाणी पडलेलं बरंच की, ते नीट वाहील. गार करा, पातळ करा, फिरवा. मी हे तोंडपाठ म्हणत असे आणि मला ते अगदी पटलेलं होतं. पाणी घातलं की वाहतं, यात न पटण्यासारखं काय आहे? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तर ते लगेच पटतं.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. आई लवकर गेलेली, त्यामुळे माझे डबे, माझे शर्ट, माझ्या परीक्षा हे सगळं नव्या नवरीच्या अंगावर पडलं. ती मला 'भाऊ' म्हणायची आणि चार लोकांत मान द्यायची. एकटा सापडलो की धपाटेही घालायची. बारीक होती. इतकी बारीक की बांगड्या भरणारा कासार दरवेळी लहान मुलींचं माप काढायचा आणि ती त्याच्यावर दरवेळी चिडायची. तिचे हात मात्र उन्हाळ्यातही गार असत. तापात कपाळावर तिचा हात ठेवला की ओल्या फडक्याची गरज लागत नसे. आम्हाला वाटायचं, हा तिचा गुण आहे.

लहानपणी तिला घसा धरून ताप यायचा आणि मग गुडघे सुजायचे. माहेरी सगळे म्हणायचे, वाढीचं दुखणं आहे. त्या तापानं हृदयाची झडप हळूहळू आखडत जाते, हे तिच्या माहेरच्यांना कोण सांगणार होतं. मला कळायला हवं होतं असं लोक म्हणतात. ज्या वयात मला कळलं असतं त्या वयात मी नाशकात होतो आणि सुटीला घरी गेलो की ती माझ्यापुढे ताट ठेवून उभी असायची. उभ्या असलेल्या माणसाला दम लागलेला दिसत नाही.

आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड ऐन थंडीत होते. वाफ्यात पाणी सोडायचं, माती लोण्यासारखी झाली की बायका ओळीनं उकिडव्या बसतात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात दाबायचं आणि मागे सरकायचं. सकाळी ते पाणी असं गार असतं की हात घातला की आधी ठणकतात आणि मग ते आपले राहत नाहीत. आमच्या गल्लीत ही लागवड सावडीनं होते. आज सगळ्याजणी तुमच्या शेतात, उद्या त्याच सगळ्या आमच्या. मजुरी नाही, हिशोब नाही. एकीनं दुसरीच्या रानात वाकायचं एवढंच. त्या ओळीत गाणी कमी आणि सासवांच्या नकला जास्त असतात. एका वर्षी मी सुटीला गेलेलो, बांधावर चहाची किटली घेऊन पोचलो. सगळ्यांनी हात धुतले. वहिनीनं कप घ्यायला हात पुढे केला तेव्हा नखं जांभळी होती.

मी तिचं नख दाबलं. आमच्या धंद्यातली ही सवय आहे. नख दाबलं की पांढरं होतं, सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं. तिचं पांढरंच राहिलं, चहा निवेपर्यंत.

"गारामा हात घाली घाली असाच व्हतस," ती म्हणाली. चिखलात हात घालून घालून असेच होतात. बाकीच्या बायकांनी आपापली नखं पाहिली आणि त्यांचंही तेच म्हणणं पडलं.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी ती ओळीतून मागे राहिली. एरवी सगळ्यांत पुढे असायची. बायकांनी वळून पाहिलं तर ती वाफ्यात दोन्ही हात टेकून बसलेली, तोंड उघडं, डोळे मोठे. दादानं तिला नाशकात आणलं. तपासणीत झडप आखडून सुईच्या भोकासारखी झालेली दिसली. आमच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या ऑपरेशनला मी पंपावर बसतो त्यांनी, चित्र दाखवून दादाला समजावलं. झडप बदलावी लागेल. पण अंगात रक्त फार कमी आहे, दोनेक महिने गोळ्या-इंजेक्शनं देऊ, रक्त वाढू दे, मग करू.

दादा बोटांवर महिने मोजायला लागला. दोन महिन्यांनी कांद्याची काढणी आली असती. लागवड उरकली की काढणी लागेपर्यंत आमच्याकडे एक फट असते. लग्नं, वास्तुशांती, डोळ्यांची ऑपरेशनं, भाऊबंदकीची भांडणं, सगळं आमचे लोक त्या फटीत बसवतात. नाशकातल्या दवाखान्यांतले वॉर्ड त्या दिवसांत देवळा-सटाण्याकडच्या माणसांनी भरतात आणि काढणी लागली की ओस पडतात. हे कोणत्याही डॉक्टरला विचारा. दादा म्हणाला, "सर, आता होत असंल तर करून टाकू. काढणीत मला घर सोडता येनार नाय, आन ही बी घरात बसनार नाय." वहिनी तर काढणीत दवाखान्यात झोपण्याची कल्पनाच ऐकायला तयार नव्हती. तरी सरांनी हट्ट धरला असता. पण मधेच एकदा तिच्या फुप्फुसात पाणी भरलं. आडवं झोपता येईना, उशीला टेकून रात्र काढायची. मग सरच म्हणाले की थांबण्यात अर्थ नाही. कांद्यामुळे घाई झाली असं म्हणावं, तर घाई तशीही होणारच होती. कोणाचं चुकलं हे मी पुष्कळ शोधून पाहिलं. कोणी सापडत नाही.

घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आपण पंपावर बसू नये असा आमच्यात रिवाज आहे. सरांनी पुण्याहून एकाला बोलवायची तयारी केली होती. मी वॉर्डात जाऊन वहिनीला सांगितलं की दुसरे एक चांगले अनुभवी गृहस्थ येणार आहेत. ती उशीला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "दुसरा कसाले? तू शे ना तठे. मंग माले कसाना भेव?"

तू आहेस ना तिथं, मग मला कसली भीती. दादा पलंगाच्या पायाशी उभा होता. त्यानंही मान डोलावली. मी सरांना जाऊन सांगितलं, मीच बसतो.

रक्त लागणार होतं, म्हणून दवाखान्यानं रक्तदाते आणायला सांगितलं. दादानं गल्लीत नुसता निरोप दिला. दुसऱ्या दिवशी एक पिकअप भरून माणसं निघाली. बाप्ये मागे उभे, बाया खाली बसलेल्या, सगळ्यांच्या अंगावर शाली आणि कानटोप्या. नाशकात शिरताना द्वारकेच्या चौकात ती गाडी अशी अडकली की शेवटी निम्मे लोक उतरून चालतच रक्तपेढीत पोचले. सावडीला यावं तसे आले होते. एकीनं तर खुरपं कमरेला तसंच खोचून आणलेलं, काढायला विसरली होती.

रक्तपेढीतल्या मॅडमनी समजावलं की तुम्ही दिलेली पिशवी तुमच्याच पेशंटला मिळेल असं नाही. जुळेल ती देतात, तुमची दुसऱ्या कोणाला जाते. बाप्यांत चुळबुळ सुरू झाली. एकजण म्हणाला, "मंग आम्ही एवढ्या लांबून कशापायी आलो?" त्यावर खुरपंवाल्या बाईनं त्याला गप्प केलं. "सावडीत काय वाटून देतात व्हय, ह्यो वाफा तुझ्या हातचा आन त्यो माझ्या? लागवड झाल्याशी मतलब." मला तिचं बोलणं फार आवडलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण जिंकणार.

मग बायकांच्या बोटाला सुई टोचून तपासणी सुरू झाली आणि एकेक जण बाहेर येऊन बाकावर बसू लागली. रक्त कमी आहे, तुमचं घेता येणार नाही. खुरपंवालीचंही नाही. जवळजवळ सगळ्याच बायका परत पाठवल्या गेल्या. बाप्ये आत पलंगावर पडून हाताची मूठ उघडझाप करत होते, त्यांना नंतर चहा-बिस्किट मिळालं. बायकांना मिळालं नाही, कारण त्यांनी काही दिलं नव्हतं. त्या अपमान झाल्यासारख्या बसून राहिल्या. एक म्हणाली, "आमचं रगत पान्यावानी हाय म्हने." मला हसू आलं नाही. वहिनीचा आजार म्हणजे झडप, असं मी समजत होतो. तिच्या अंगातलं पाणी त्या अख्ख्या बाकावर बसलेलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी मी माझ्या हातात होतं ते सगळं केलं. सगळ्यांत लहान सामान घेतलं. यंत्र टेबलाच्या जेवढं जवळ सरकवता येईल तेवढं सरकवलं, नळ्या कापून आखूड केल्या. नळ्यांतलं जमेल तेवढं पाणी काढून त्या जागी तिचंच रक्त उलटं भरून घेतलं. नंतर जास्तीचं पाणी गाळून काढणारी जाळी लावली. एक पिशवी रक्त घातलं, मग अजून एक. कोणाच्या तरी शेतातून आलेलं, आमच्या पिकअपमधलं किंवा दुसऱ्या कुठल्या. पुस्तकात जेवढं रक्त पातळ चालतं म्हणतात, त्याच्या आत मी ते ठेवलं. मी हे फुशारकीनं सांगत नाही, तक्रारीच्या सुरातही नाही. झालं ते असं झालं.

तिचं हृदय थांबवलं तेव्हा सर झडपेशी वाकले आणि मी माझ्या आकड्यांशी. प्रवाह बरोबर, दाब बरोबर, ऑक्सिजन भरपूर. एकच आकडा थोडा वर सरकत होता, लॅक्टेट नावाचा. कुठेतरी पेशी उपाशी राहू लागल्या की तो वाढतो. कुठे, हे तो सांगत नाही. मी सरांना सांगितलं. मी पंपाचा वेग वाढवला, अजून थोडं पाणी गाळलं. भूलवाल्या मॅडम म्हणाल्या, गार केल्यावर एवढा वाढतोच. आणि ते खरं आहे, वाढतोच. हिरव्या चादरीखाली तिचे हात बांधलेले होते. ते मला दिसत नव्हते.

पुढे एका शिबिरात मी जिभेखालच्या केशवाहिन्यांची चित्रफीत पाहिली. बारीक कॅमेरा जिभेखाली लावून घेतलेली. केसापेक्षा बारीक वाटा आणि त्यांतून लाल पेशी एकामागं एक, मण्यांसारख्या, घासत घासत जाताहेत. मग त्याच पेशंटला पंपावर घेतल्यानंतरची चित्रफीत लावली. मोठ्या वाटा धो धो वाहत होत्या. बारीक वाटांपैकी कित्येकींतून नुसतं पाणी जात होतं, एखादा मणी मधेच दिसायचा. आणि काही वाटा दिसतच नव्हत्या. शिकवणाऱ्यांनी सांगितलं की या वाटांच्या भिंतींना रक्ताचं घासणं कळतं. दाट रक्त घासत जातं तोवर त्या स्वतःला उघड्या ठेवतात. रक्त फार पातळ झालं की घासणं संपतं आणि त्या मिटून घेतात. ज्या पायवाटेवरून कोणी जात नाही ती बुजते, तसंच. नंतर वरून रक्ताची पिशवी चढवली की आकडा सुधारतो, पण साठवलेल्या रक्तातल्या पेशी ताठर झालेल्या असतात आणि मिटलेल्या वाटा त्यांना लगेच दार उघडतीलच असं नाही. शेजारचा वहीत काहीतरी उतरवून घेत होता. मला लिहिण्यासारखं काही नव्हतं.

शेतात पाणी धरणाऱ्याला हे नवीन नाही. विहिरीवर मोटर जोरात चालू असते, पाइपाच्या तोंडाशी फेस उसळत असतो आणि टोकाचा वाफा कोरडा असतो. तोंडाशी उभं राहून ते कळत नाही, त्यासाठी चालत टोकापर्यंत जावं लागतं. मी त्या दिवशी तोंडाशी बसलो होतो. आजही तिथेच बसतो, कारण माझं स्टूल तिथेच आहे आणि माणसाच्या अंगात टोकापर्यंत चालत जाता येत नाही.

नवी झडप बसली. रक्त गरम केलं, आणि तिचं हृदय स्वतःहून सुरू झालं, झटका न देता. सर म्हणाले, "सुंदर." पंप बंद करताना मी नेहमी मोठ्यानं 'पंप बंद' सांगतो, तसं सांगितलं. बाहेर येऊन दादाला म्हणालो, झालं, छान झालं. दादानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायातल्या चपला काढल्या आणि दवाखान्याच्या फरशीवर डोकं टेकवलं. गल्लीतले जे थांबले होते ते माझ्या पाया पडायला लागले. मी मागे सरकलो, पण मला बरं वाटलं होतं, हेही खरं.

ती जागी झाली नाही. म्हणजे डोळे उघडले, श्वासाची नळी काढली, तिनं पाणी गिळलं. पण डोळ्यांत कोणी नव्हतं. पहिला दिवस भुलीचा अंमल म्हणून गेला. मग अशक्तपणा म्हणून काही दिवस गेले. मी तिच्या हाताशी बसून नखं दाबत राहायचो. पांढरं व्हायचं आणि गुलाबी व्हायला फार वेळ घ्यायचं. वरती मॉनिटरवर दाब तरण्याताठ्या माणसासारखा होता. मेंदूचा फोटो काढला तेव्हा मोठी कुठलीही वाहिनी बंद नव्हती. नुसते ठिपके होते, उपाशी राहिलेल्या जागांचे, सगळीकडे विखुरलेले. सरांनी मला खोलीत बोलावून तो फोटो उजेडावर धरला आणि एकेका ठिपक्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "ऑपरेशन चांगलंच झालं होतं रे." मी हो म्हणालो. आम्ही दोघंही खरंच बोलत होतो.

काढणी लागायच्या आत आम्ही तिला घरी नेलं. त्या वर्षीचा आमचा कांदा गल्लीतल्या बायकांनी काढला, सावडीनं. ती ओसरीवर बसलेली होती, त्या येता-जाता तिच्याशी बोलत होत्या. आधी उत्तराची वाट पाहायच्या, नंतर न थांबता बोलून पुढे जाऊ लागल्या.

त्यानंतर मी पुष्कळ पेशंट पंपावर घेतले. बहुतेक जण बरे होऊन चालत घरी जातात. परवा हरसूलकडची एक बाई होती, वहिनीपेक्षाही बारीक, तीच झडप, तीच जांभळी नखं. मी नळ्या आखूड केल्या, पाणी काढलं, रक्त घातलं. ती तिसऱ्या दिवशी सिस्टरशी चहावरून भांडत होती. मला बघून हसली. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथं उभा राहून एवढाच विचार करत होतो की हिच्यात आणि तिच्यात काय वेगळं केलं. काहीच नाही. उद्या परत कोणीतरी डोळे उघडेल आणि डोळ्यांत नसेल, आणि त्याही दिवशी मी काही वेगळं केलेलं नसेल. एवढं शिकून माणसाच्या हाती हे लागावं, याचा मला राग येतो. तो कोणावर काढावा हे समजत नाही.

या हिवाळ्यात देवळ्याला गेलो. लागवड चालू होती. दादानं वहिनीला खुर्चीत बसवून शेताच्या कडेला उन्हात आणलं होतं. शेजारी गेलं की झडपेची टिकटिक ऐकू येते, घड्याळापेक्षा थोडी हलकी. बाजूला पाणी वाहत असलं तरी येते. झडप उत्तम आहे, दरवर्षी तपासतात. नवीन लग्न होऊन आलेल्या एका मुलीनं, तिला काही माहीत नसावं किंवा चांगलं वाटलं असावं, रोपांची एक जुडी आणून वहिनीच्या हातात दिली. वहिनीनं ती धरली. मला वाटलं, हात तरी विसरले नसतील. दादालाही तसंच वाटलं असावं, कारण तो पाणी वळवता वळवता थांबला. आम्ही दोघं पाहत राहिलो. जुडी तिच्या हातात तशीच राहिली, ऊन चढलं, पाती मलूल झाल्या. मग दादानं येऊन एकेक बोट सोडवत ती काढून घेतली आणि वाफ्यात टाकली.

आम्ही बांधावर बसलो. त्यानं तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुझं यंत्र त्या दिवशी नीट चाललं व्हतं ना?"

दरवर्षी विचारतो. दरवर्षी मी सांगतो, तसं सांगितलं. "नीट चाललं होतं, दादा."

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुझ्या जागी दुसरा कोनी बसला असता ना, तर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. दारू पिऊन बसला व्हता म्हनलो असतो, झोपला म्हनलो असतो. काही बी म्हनलो असतो. पन तू व्हता. आता कोनाला म्हनू?"

सावली वहिनीच्या पायांवर सरकली होती. दादा उठला, तिच्यासकट खुर्ची उचलून परत उन्हात ठेवली आणि पाणी वळवायला गेला.